हिरवा झालेला घरचा पूल: सगळं पाणी न सोडता शेवाळ कसं घालवायचं

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचे हिशेब तिच्यावरच करता येतील. खानापूर रोडला फार्महाऊस. पूल २४ बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला पाच फूट. आतून टाइल्स, वाळूचा फिल्टर, पाणी बोअरचं. पावसाळा संपल्यापासून फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात, आठवड्याला दोन गोळ्या टाकताय आणि एप्रिलपर्यंत पाणी छान होतं. मग वळीव झाला, तीन दिवस लाईट नव्हती, चौथ्या दिवशी पाणी हिरवं. शेवाळनाशकाची बाटली ओतली, दोन दिवस जरा बरं वाटलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता एक जण मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणतोय, दुसरा सगळं पाणी सोडून द्या म्हणतोय, आणि मुलांना सुट्टी लागलीय.

दोन्ही करू नका. मोरचूदही नको आणि पूल पूर्ण रिकामाही नको. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले घरगुती पूल मी बरीच वर्षं सांभाळतो. तुमच्यासारखा पूल चार-पाच दिवसांत काचेसारखा होतो, फक्त ते चार-पाच दिवस चिकाटीने काम करावं लागतं. काही पाणी मात्र बहुधा बदलावं लागेल. त्याचं कारण तुमच्या गोळ्यांत आहे, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. पाण्यातून तळ स्वच्छ दिसत नाही तोपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पाय सोडून बसायचंही नाही. हिरव्या पाण्यात पाच फुटांवर बुडालेलं मूल वरून दिसत नाही, आणि अशा वेळी मिनिटाची किंमत असते. टाइल्स बुळबुळीत असल्यामुळे काठावरचा मोठा माणूसही घसरतो. पोरं ऐकणारी नसली तर पुलाच्या बाजूचं गेट कुलूप लावून बंद ठेवा.

आता पहिलं काम: हे शेवाळच आहे ना, याची खात्री. आपल्याकडे ती करावीच लागते. खानापूर-जांबोटी भागात तांबडी जांभ्याची माती आहे, बऱ्याच विहिरी आणि बोअरच्या पाण्यात लोह असतं. अशा पाण्यात क्लोरीन पडला की ते हिरवट किंवा चहासारखं होतं, आणि माणूस शेवाळ समजून आणखी क्लोरीन ओतत राहतो. एक पांढरी बादली घ्या, पुलाचं दहा लीटर पाणी भरा, त्यात चमचाभर पातळ क्लोरीन टाका आणि तासभर सावलीत ठेवा. हिरवा रंग जाऊन पाणी फिकट, पांढुरकं झालं तर शेवाळ. पाणी गंजासारखं तपकिरी झालं तर लोह. आणि पाणी मुळातच आरपार स्वच्छ पण निळसर हिरवं असेल, काही टाकूनही बदलत नसेल, तर कुणीतरी आधी मोरचूद टाकलेला आहे, तो तांब्याचा रंग. दुसरी खूण हाताला लागते: भिंतीवरून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं आणि बोटापासून हिरवा धूर निघाल्यासारखा पाण्यात पसरतो. हे फक्त शेवाळच करतं. तुमच्या वर्णनावरून ते शेवाळच वाटतंय, तरी बादली कराच, फारसा खर्च नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक पूल इथेच बिघडतात. शेवाळाचे बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पानांबरोबर रोजच पुलात पडत असतात. ते कुणाला थांबवता येत नाहीत. पाण्यात मोकळा क्लोरीन पुरेसा असला की ते वाढायच्या आत मरतात. पुरेसा नसला की मे महिन्यातल्या कोमट पाण्यात दोन दिवसांत पूल हिरवा. तेव्हा "शेवाळ का आलं" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: क्लोरीन कमी पडला. खरा प्रश्न असा की तुम्ही गोळ्या नियमित टाकत असताना तो का कमी पडला?

फ्लोटरमधली पांढरी गोळी म्हणजे टीसीसीए नावाचं रसायन. तिच्यात क्लोरीन असतो तसंच सायन्युरिक ऍसिडही असतं, ज्याला दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात. ही चीज वाईट नाही. ती नसेल तर कडक उन्हात पुलातला बहुतेक क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातो. ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग) स्टॅबिलायझर उघड्या पुलाला हवाच. अडचण अशी की क्लोरीन रोज खर्च होतो आणि स्टॅबिलायझर जवळजवळ तसाच साठत राहतो, पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. आणि तो जितका जास्त, तितका क्लोरीन त्याला बांधलेला राहतो. एफडीत अडकलेल्या पैशासारखं: पासबुकात दिसतो, पण आज बाजारात खर्च करता येत नाही. पाणी तपासायच्या किटवर ३ पीपीएम दाखवतं आणि समोर शेवाळ वाढत असतं, ते यामुळे.

तुमचाच हिशेब करू. २४ गुणिले १२ गुणिले सरासरी खोली सव्वाचार फूट, म्हणजे १२२४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लीटर. म्हणजे तुमच्या पुलात साधारण ३५,००० लीटर पाणी आहे. २०० ग्रॅमची एक गोळी एवढ्या पाण्यात सुमारे ५ पीपीएम क्लोरीन देते आणि त्याचबरोबर सुमारे ३ पीपीएम स्टॅबिलायझर. आठवड्याला दोन गोळ्या, म्हणजे महिन्याला २५ च्या आसपास. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिन्यांत हा आकडा १५० च्या पुढे जातो. अधूनमधून बॅकवॉश, म्हणजे उलट्या पाण्याने फिल्टरची वाळू धुणं, केलं असेल, त्यात थोडा गेला असेल, तरी शंभराच्या खाली तुम्ही नसणार.

आपल्या भागात याला एक ऋतुचक्रही आहे. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस धो-धो कोसळतो, पूल भरून वाहतात आणि जुना स्टॅबिलायझर फुकटात वाहून जातो. म्हणून तिथले लोक सांगतात, "आम्ही वर्षानुवर्षं गोळ्याच टाकतो, काही होत नाही." अथणी, रायबागकडे पाऊस कमी, पूल कधी वाहत नाही, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात पूल हमखास हट्टाला पेटतो. तुम्ही या दोघांच्या मधे आहात.

क्लोरीन किती हवा हे स्टॅबिलायझरवर ठरतं. रोजचा मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्क्यांपेक्षा खाली जाता कामा नये: स्टॅबिलायझर ४० असेल तर किमान ३. आलेलं शेवाळ मारायचं तर ४० टक्क्यांच्या आसपास न्यावा लागतो: स्टॅबिलायझर ४० असेल तर १६. हाच स्टॅबिलायझर १५० असेल तर ६० पीपीएम क्लोरीन लागेल, आणि तो टिकवणं घरगुती पुलात शक्य नाही. म्हणून आधी स्टॅबिलायझर मोजा. त्याचं किट वेगळं मिळतं: पाण्यात औषध मिसळलं की ते गढूळ होतं, मग नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत जायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. १०० पर्यंतच आकडे असतात, त्यामुळे पुलाचं अर्धं आणि साधं अर्धं पाणी घेऊन मोजा आणि उत्तर दुप्पट करा.

आकडा ६०-७० च्या आत आला तर पाणी बदलू नका. १५० च्या आसपास आला तर दोन तृतीयांश पाणी टप्प्याटप्प्याने बदला: एक दिवस थोडं काढा, तेवढं भरा, मग पुन्हा. टँकर मागवायचा असेल तर त्याचाही हिशेब त्यावरून करता येईल. पूर्ण रिकामा करायला मी का अडवतोय, तेही सांगतो. मेच्या उन्हात रिकाम्या पुलाच्या टाइल्स तापून सुटतात. आणि पावसाळ्यात, विशेषतः खानापूर भागात जमिनीतलं पाणी वर आल्यावर रिकामा केलेला पूल खालच्या दाबाने तडकतो, फायबरचा असेल तर चक्क उचलला जातो. काढलेलं पाणी मोकळ्या रानात पसरून सोडा. आत क्लोरीन शिल्लक असेल तर दोन दिवस उन्हात थांबून मगच. विहिरीजवळ किंवा ओढ्यात नको, ओढ्यातले मासे त्याने मरतात.

आता प्रत्यक्ष काम.

सामान: १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन. केमिकलच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. ताजं घ्या. उन्हात ठेवलेला कॅन घेऊ नका. उन्हाळ्यात त्याची ताकद आठवड्या-आठवड्याला उतरते, आणि महिना-दोन महिने दुकानाच्या दारात तापलेला कॅन निम्म्या ताकदीचा निघू शकतो. ते मिळालं नाही तर ६५ टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट चालेल. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती साधी ब्लीचिंग पावडर शेवटचा पर्याय. तिच्यात चुना फार. ती वापरायची तर आदल्या रात्री बादलीत कालवून ठेवा आणि सकाळी वरची निवळीच पुलात घाला, खालचा गाळ नको. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात आणखी चुना गेला की टाइल्सवर पांढरे थर चढतात. याशिवाय पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा) कमी करायला हायड्रोक्लोरिक ऍसिड, नायलॉनचा ब्रश, पानांची जाळी, आणि थेंबांचं टेस्ट किट.

इथे हात जोडून सांगतो: ऍसिड आणि क्लोरीन एका बादलीत, एका मगात, एका कपाटातसुद्धा येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो आणि बंद पंपरूममध्ये माणूस दारापर्यंतही पोहोचत नाही. तसंच टीसीसीएची गोळी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर पेट घेतात. जुन्या फ्लोटरमध्ये "हेही चालेल" म्हणून दाणेदार पावडर भरू नका. ऍसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ऍसिडमध्ये पाणी नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. कामाच्या गड्याला हे तोंडी सांगून भागत नाही. डब्यांवर मोठ्या अक्षरात मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चिकटवा.

सकाळी आधी जाळीने पानं, काटक्या काढा. तळ दिसत नसला तरी जाळी तळावरून फिरवा, वळवाच्या वाऱ्याने बरंच खाली बसलेलं असतं. कुजकी पानं क्लोरीन खातात. मग पीएच. आपल्या बोअरच्या पाण्याचा तो बऱ्याचदा चढा असतो. मोजा, आणि चढा असेल तर ७.२ वर आणा. क्लोरीनचा जो भाग खरं मारण्याचं काम करतो तो ७.२ ला सुमारे दोन तृतीयांश असतो आणि ८ ला जेमतेम पाव. स्टॅबिलायझर असताना हा फरक इतका तीव्र राहत नाही, पण ऍसिड स्वस्त आहे आणि काम सोपं होतं. तुमच्या पुलाला आधी अर्धा लीटर टाका, खोल बाजूला, पंप चालू ठेवून, काठाकाठाने चालत. तासाभराने पुन्हा मोजा, लागलं तर पुन्हा अर्धा. एकदम दोन लीटर ओतू नका. पीएच आत्ताच का, तर क्लोरीन १० च्या वर गेला की पीएचचे थेंब चुकीचा रंग दाखवतात, मग शेवाळ जाईपर्यंत तो मोजण्यात अर्थ नसतो.

संध्याकाळी ऊन उतरलं की क्लोरीन. हिशेब सोपा आहे: १,००० लीटर पाण्यात १ ग्रॅम क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. स्टॅबिलायझर ४० धरून १६ पीपीएम हवा, पाणी ३५,००० लीटर, म्हणजे ५६० ग्रॅम. १० टक्क्यांच्या पातळ क्लोरीनमधून साडेपाच-पावणेसहा लीटर, दाणेदारमधून साडेआठशे-नऊशे ग्रॅम. फिल्टरचं पाणी पुलात परत येतं त्या तोंडाजवळ पातळ क्लोरीन बारीक धारेने ओता.

आणि लगेच ब्रश. हे अंगमेहनतीचं काम आहे आणि याला पर्याय नाही. शेवाळ भिंतीवर चिकट थर करून बसतं, वरचा थर मरतो आणि आतला शाबूत राहतो. ब्रश पाण्याच्या रेषेपासून खाली तळाकडे ओढा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत. सरळ भिंती सगळेच घासतात. शेवाळ लपतं ते शिडीच्या पायांमागे, स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) झाकणाखाली, पायऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यात आणि पाण्यातल्या दिव्याच्या मागे. दिव्याची वीज बंद करून त्याचे स्क्रू काढून तो बाहेर ओढा. मागच्या खोबणीत बहुतेक वेळा बोटभर हिरवी लगदी सापडते. ती राहिली तर पूल स्वच्छ झाल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तिथूनच सुरुवात होते.

यानंतरचं जे आहे त्यात निम्मे लोक हरतात. पहिल्या रात्रीत १६ टाकलेला क्लोरीन सकाळी ३-४ वर आलेला असतो. लोकांना वाटतं औषध चाललं नाही. उलट, तो शेवाळ मारण्यातच खर्च झालेला आहे. पुन्हा मोजा, पुन्हा १६ वर न्या. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. एकदा ओतून दोन दिवस वाट पाहिली की उरलेलं शेवाळ परत भरून येतं आणि तुमचा पहिला कॅन फुकट जातो. बाटलीवाल्या औषधाने तुमचं हेच झालं. तीन-चार दिवस आकडा खाली पडू न देणं, एवढंच यातलं तंत्र.

साध्या पिवळ्या थेंबांचं किट ३-५ च्या पुढे वाचत नाही. त्याला एक उपाय आहे: एक भाग पुलाचं पाणी, चार भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. रंगावरून जो आकडा येईल त्याला पाचने गुणा. दुसरं, तुमचं किट गुलाबी रंग दाखवणारं (डीपीडी) असेल आणि औषध टाकल्यावर पाणी क्षणभर रंगून लगेच पांढरं पडलं, तर क्लोरीन शून्य आहे असं समजू नका. तो इतका जास्त आहे की औषधाचा रंगच उडवतोय.

रंग कसा बदलत जातो ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. गडद हिरवा, मग फिकट हिरवा, मग राखाडी-दुधाळ निळसर. दुधाळ झालं की शेवाळ मेलं, आता ते बाहेर काढायचं काम फिल्टरचं. पंप रात्रंदिवस चालू ठेवा. बॅकवॉश केल्यानंतरचा प्रेशर गेजचा आकडा लिहून ठेवा. त्यापेक्षा अर्धा किलो वाढला की पुन्हा बॅकवॉश, बघायच्या काचेतून पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग वाळू बसायला व्हॉल्व्ह अर्धा मिनिट 'रिन्स'वर. या दिवसांत दिवसातून दोन-तीनदा लागेल. फिल्टरची वाळू सात-आठ वर्षं बदलली नसेल आणि आत गोळे झाले असतील तर नवी भरा, नाहीतर मेलेलं शेवाळ एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत पुलात येतं.

लाईटचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. शेतातल्या लायनीवर थ्री-फेज वीज काही तासच मिळते, आणि वळवात तीही नाही. पंप बंद असला तरी क्लोरीन टाकणं थांबवू नका. पातळ क्लोरीन काठाने सगळीकडे शिंपडा आणि ब्रशने पाणी ढवळा. पंप नसताना पूल तीन दिवस राहू शकतो, क्लोरीन नसताना मे महिन्यात एक दिवसही राहत नाही. तुमचा पूल त्या तीन दिवसांत पंपामुळे गेला नाही. पावसाने पाणी पातळ झालं, वाऱ्याने माती आणि पालापाचोळा आला, आणि स्टॅबिलायझरने बांधलेला क्लोरीन त्याला पुरा पडला नाही.

फिल्टर लहान असेल किंवा वीज कमी असेल तर दुधाळ पाण्यासाठी तुरटी. दर हजार लीटरला ५० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला पावणेदोन किलो. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून पुलभर पसरा, ब्रशने हलकेच फिरवा आणि रात्रभर पंप बंद. सकाळी तळाला राखाडी साय बसलेली दिसेल. ती फिल्टरमधून न नेता फिल्टरचा व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर (पाणी थेट बाहेर जातं त्या खुणेवर) ठेवून व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडा, नाहीतर वाळूचे गठ्ठे होतात. व्हॅक्यूमचं डोकं अगदी सावकाश सरकवा. भराभर ओढलं की साय उठते आणि पुन्हा एक रात्र थांबावं लागतं. तुरटी सगळं शेवाळ मेल्यावर. जिवंत शेवाळावर तिचा काही उपयोग नाही.

संपलं कधी म्हणायचं? पाणी स्वच्छ दिसलं म्हणून लगेच थांबू नका. रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, सकाळी ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे जो काही क्लोरीन गेला तो कशाने तरी खाल्ला. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर शेवाळ कुठेतरी शिल्लक आहे, चालू ठेवा. घट १ च्या आत आणि तळाच्या जाळीची भोकं मोजता येतील इतकं पाणी स्वच्छ, तर काम झालं. क्लोरीन ५-६ वर उतरू द्या, पीएच ७.४ च्या आसपास ठेवा, मग मुलांना सोडा.

पुलात सावलीच्या भिंतीवर पिवळसर धुळीसारखं काही असेल, हात लावला की उडतं आणि तासाभराने परत तिथेच बसतं, तर ते पिवळं शेवाळ. उपाय तोच, पण साफ झाल्यावर आणखी एक दिवस क्लोरीन चढा ठेवायचा, आणि पोहायचे कपडे, ट्यूब, खेळणी, ब्रश सगळं क्लोरीनच्या पाण्यातून काढायचं. टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके असतील तर ते काळं शेवाळ, सगळ्यात चिवट. सिमेंटच्या सांध्यात ते मूळ धरल्यासारखं बसतं आणि वर मेणचट टोपी असते. ती टोपी फोडल्याशिवाय क्लोरीन आत जात नाही. फक्त सांध्यावर तारेचा ब्रश चालवा, काचेच्या मोझॅकवर नाही. सांधा पोकळच झाला असेल तर गवंड्याला बोलवून इपॉक्सीने भरून घ्या, तोच कायमचा इलाज.

मोरचुदाबद्दल. आपल्या भागात, विशेषतः अथणीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरी, बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतोच, त्यामुळे तो पुलात टाकायचा सल्लाही सहज मिळतो. तांबं शेवाळ मारतं, हे खरं आहे. पण जड पाण्यात त्याचा बराचसा भाग साका होऊन टाइल्सवर हिरवे-काळे डाग पाडतो, भुऱ्या किंवा पिकलेल्या केसांना हिरवट झाक येते, आणि तो पाण्यातून जात नाही. पुढे ते पाणी रानात सोडायचीही पंचाईत. जंतू मारायला क्लोरीन लागणारच आहे, मग तांब्याची भर कशाला? शेवाळनाशकाच्या बाटल्यांतल्या बऱ्याच स्वस्त औषधांचा फेस होतो. चांगल्या प्रतीचं पॉलिक्वाट (फेस न होणारं शेवाळनाशक) पावसाळ्याआधी खबरदारी म्हणून टाकायला हरकत नाही. आलेलं शेवाळ काढायला ते वापरू नका.

पुढच्यासाठी. मार्च ते मे या काळात तुमचा पूल रोज २ ते ४ पीपीएम क्लोरीन खाणार. रोज संध्याकाळी साधारण एक लीटर पातळ क्लोरीन, आणि किटवर रोज एक नजर. आकडा ५ च्या आसपास ठेवा. गोळ्या फक्त गावाला जाताना, आठवडाभरासाठी. आठवड्यातून दोनदा ब्रश, पंप दिवसाला सहा-आठ तास, सलग नाही मिळाले तर तुकड्यांनी. पुलावर ओथंबलेली आंब्याची फांदी असेल तर छाटा. मोहोर आणि पानं दोन्हींचा त्रास वाचतो. आकाश काळं झालं आणि वळवाचा वारा सुटला की पाऊस यायच्या आधी नेहमीच्या दुप्पट क्लोरीन टाकून ठेवा, लाईट जाणार हे गृहीत धरून. पाऊस थांबला की पानं काढा आणि मोजा. रंगपंचमीला रंगलेल्या पोरांना आधी नळाखाली न्या, सरळ पुलात नको.

पावसाळ्यात पुलाकडे कुणी बघत नाही, आणि जुलैत हिरवा झालेला पूल सप्टेंबरात साफ करायला तिप्पट क्लोरीन जातो. ढगाळ हवेत क्लोरीन कमी उडतो, त्यामुळे तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा टाकला तरी पुरतो, पण टाकायला हवा. तांबड्या मातीचा लोंढा पुलात येऊ नये म्हणून काठाच्या बाहेर उताराला चर मारून घ्या. उसाच्या मळ्यातलं पाणी पुलाकडे वाहत असेल तर त्यातून खतही येतं आणि शेवाळाला मेजवानी होते. तिथे चर आवश्यकच. पाऊस संपला की स्टॅबिलायझर मोजा. तुमच्याकडे तो १०-१५ वर उतरलेला असेल, तर किलोभर स्टॅबिलायझर जुन्या पायमोज्यात भरून पाण्याच्या तोंडासमोर टांगा, तो सावकाश विरघळतो. थंडीत बेळगावचं पाणी गार पडतं, शेवाळ मंदावतं, पंप तीन-चार तास आणि क्लोरीन निम्मा पुरे.

आज संध्याकाळी बादलीची परीक्षा करा, आणि स्टॅबिलायझर व पीएच हे दोन आकडे मोजून मला कळवा. बोअरच्या ताज्या पाण्याचा पीएचही वेगळा मोजा. त्यावरून किती पाणी बदलायचं आणि किती कॅन आणायचे ते सांगतो. तोवर मोजायची किटं आणि बादलीपुरता पातळ क्लोरीन सोडून दुकानातून काही घेऊ नका.